काळविटासाठी कोणती गोळी?

हिंगोली शहरात कुणाला पत्ता विचारला की पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार अशी नावे कानावर पडतात. पलटण म्हणजे पायदळ, रिसाला म्हणजे घोडदळ आणि पेन्शनपुरा म्हणजे नोकरी संपल्यावर इथेच घर करून राहिलेल्या शिपायांची वस्ती. ज्या फौजेने ही नावे दिली ती जाऊन सव्वाशे वर्षे होत आली. तरी भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी ती रुळलेली आहेत.

ही फौज निजामाची होती, पण तिचे अधिकारी इंग्रज होते. आजच्या नांदेड जिल्ह्यातील नव्हा येथे हटकर सरदार नौसाजी नाईक याच्या किल्ल्याला १८१९ च्या जानेवारीत वेढा पडला, तो याच फौजेने घातला. पैनगंगेच्या काठाने पसरलेल्या या मुलखावर नजर ठेवायला हिंगोली सोयीचे ठाणे होते. हीच फौज पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखली जाऊ लागली. बोलारम, औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई, एलिचपूर म्हणजे अचलपूर आणि हिंगोली या तिच्या छावण्या. फौजेच्या खर्चापोटी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, तेव्हापासून पैनगंगेच्या अलीकडे निजाम आणि पलीकडे इंग्रजी कारभार अशी वाटणी झाली.

अशा आडबाजूच्या छावणीत संध्याकाळ कशी घालवायची, हा तिथल्या अधिकाऱ्यांपुढचा रोजचा प्रश्न. फिलिप मेडोज टेलर १८२९ मध्ये इथे होता. हिंगोलीत प्रतिष्ठित व्यापारी म्हणून वावरणारा, ज्याच्याशी आपला स्वतःचाही व्यवहार झाला तो हरिसिंग प्रत्यक्षात ठगांचा म्होरक्या निघाला, हे त्याने आपल्या ठगांवरच्या प्रसिद्ध कादंबरीच्या प्रस्तावनेत सांगितले आहे. ठग रोज सापडत नसत. हरीण मात्र रोज दिसे.

कयाधू आणि पैनगंगा यांच्या मधला प्रदेश हरणांसाठीच घडवल्यासारखा आहे. काळ्या जमिनीचे सपाट पट्टे, मध्येच मुरमाड माळ, त्यावर कुसळी गवत, आणि नदीकडे उतरताना झाडीने झाकलेल्या टेकड्या. माळावर काळवीट आणि चिंकारा, शेताच्या कडेने रोही, झाडीत चितळ आणि सांबर. मराठी माणूस या सगळ्यांना सरसकट हरीण म्हणतो. प्राणिशास्त्र मात्र त्यांचे दोन गट करते. चितळ-सांबराची शिंगे दरसाल गळून नवी येतात, ती खरी हरणे. काळवीट, चिंकारा आणि रोही यांची शिंगे जन्मभराची असतात, त्यांचा गट कुरंगांचा. बंदूक घेऊन निघणाऱ्याला या वर्गीकरणाशी कर्तव्य नव्हते. त्याच्या दृष्टीने फरक होता तो अंतराचा आणि वजनाचा. काळवीट पस्तीस-चाळीस किलोचा, उघड्यावर उभा, दोनशे पावलांवरून माणूस ओळखणारा. सांबर नर दोनशे किलोंच्या पुढचा, पण झाडीत, जवळ. एकच गोळी दोघांना कशी चालावी?

या प्रश्नाचा इतिहास जवळजवळ एका शतकाचा आहे. त्यात धातू आहे, रसायन आहे, आंतरराष्ट्रीय करार आहेत आणि खडकीचा कारखानाही आहे. पण तो समजायचा तर आधी बंदूक नसलेल्या शिकाऱ्याकडे जावे लागते.

मराठीत 'शिकार' हा शब्द फारसीतून आला. त्याच्या आधीपासूनचा आपला शब्द 'पारध'. संस्कृत 'पापर्द्धि'पासून तो उतरला, असे व्युत्पत्तिकार सांगतात. जो पारध करतो तो पारधी. मराठवाडा-वऱ्हाडच्या माळावर या समाजाच्या अनेक शाखा फिरत असत. जात्यांना टाकी लावणारे टाकणकार, चित्ता पाळून त्याच्याकडून हरीण धरणारे चितापारधी, आणि फासे लावणारे फासेपारधी. फासा म्हणजे तातीचा सरकता गळफास. असे अनेक फासे एका दोरीला बांधून, मेखा ठोकून, हरणांच्या वाटेवर रांगेने मांडायचे आणि कळप हळूहळू त्या रांगेकडे वळवायचा. हे वळवणे म्हणजेच खरे कसब. पारधी शिकवलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडोशाने चाले. गाय चरत चरत पुढे जाई, तिच्या पायांमागे माणसाचे पाय झाकलेले असत, आणि रोज गुरे पाहणारे हरीण बुजत नसे. पाळीव काळविटाच्या शिंगांना फासे बांधून त्याला रानच्या कळपात सोडायची युक्तीही जुनी, ती अकबराच्या दरबारातही चाले. कळपातला नर आगंतुकाला हुसकायला शिंगे भिडवी आणि अडकून बसे.

या पद्धतीत एक गोष्ट अशी होती जी पुढे कुठल्याही काडतुसाला साधली नाही. फाशात आलेले जनावर जिवंत हाती येई. महाराष्ट्रातील भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास करणारे माधव गाडगीळ आणि के. सी. मल्होत्रा यांनी नोंदवले आहे की फासेपारध्यांमध्ये पाडस किंवा गाभण मादी फाशात सापडली तर ती सोडून द्यायची रीत होती. पारधी निवड करी ती हाताला जनावराचे ऊबदार अंग लागल्यावर. कळप उद्याही लागणार आहे, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

बंदूक आली आणि ही निवड उलटी झाली. आता आधी गोळी निवडायची, मग नेम धरायचा, आणि काय पडले ते नंतर पाहायचे.

सुरुवातीची बंदूक तोड्याची आणि नंतर ठासणीची. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू नळीत ओतायची, वर बोळा, मग शिशाची गोल गोळी, गजाने ठासायचे, काकणीवर टोपी बसवायची. एका बारानंतर पुन्हा ठासायला अर्धे मिनिट तरी लागे. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी साठ-सत्तर पावलांपलीकडे कुठे जाईल याचा भरवसा नसे. काळवीट इतक्या जवळ येऊ देत नाही. म्हणून साहेबांनीही पारध्याचीच युक्ती उचलली, फक्त गाईऐवजी बैलगाडी घेतली. शेतावर ये-जा करणाऱ्या गाडीला हरणे सरावलेली असत. गाडीवान कळपाभोवती मोठे वर्तुळ घेई, ते हळूहळू आवळत आणी, आणि शिकारी चाकाच्या आडून चालत राही. वर्तुळ पुरेसे लहान झाले की तो खाली बसे, गाडी न थांबता पुढे जाई, कळपाचे डोळे गाडीमागे जात, आणि बार निघे.

नळीच्या आत पिळाचे खाचे पाडले की गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. हेच रायफलचे तत्त्व. पण पिळाच्या नळीत गोल गोळी घालायची की लांबट, दारू किती आणि पीळ किती, यावर १८६० च्या दशकात मोठा वाद झाला आणि त्यात मध्य भारताचा आवाज ठळक होता. मध्य प्रांतात अधिकारी असलेला कॅप्टन जेम्स फोर्सिथ, ज्याच्या सातपुड्यावरच्या पुस्तकामुळे तो आजही वाचला जातो, त्याने त्याआधी शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. त्याचे म्हणणे असे: लांबट जड गोळी लष्कराला ठीक, कारण तिला दूर पोचायचे असते. पण ती हळू जाते आणि कमानीसारखी वर चढून खाली येते, त्यामुळे अंतराचा अंदाज वीस पावलांनी चुकला तरी गोळी जनावराच्या पाठीवरून जाते किंवा पायात बसते. शिकाऱ्याने मोठ्या नळीची, थोड्या पिळाची बंदूक घ्यावी, भरपूर दारू घालावी आणि गोल गोळी वापरावी. शंभर पावलांच्या आत ती जवळजवळ सरळ रेषेत जाते.

या मुद्द्याचे मर्म हिंगोलीच्या माळावर उभे राहिले की लगेच कळते. सपाट, झाडे नसलेल्या जमिनीवर अंतराचा अंदाज हमखास चुकतो. दुपारच्या उन्हात मृगजळ हलत असेल तर शंभर आणि दीडशे पावलांत फरक करणे अनुभवी डोळ्यालाही जमत नाही. आणि चूक झाली तर तिची किंमत जनावर भरते. पोटात किंवा मांडीत गोळी घेऊन काळवीट कोसभर पळतो आणि ज्वारीत कुठेतरी पडून रात्रभर तडफडतो.

हीच अडचण सोडवायला 'एक्स्प्रेस' रायफल आली. लंडनचा बंदूककार जेम्स पर्डी याने १८५६ च्या सुमारास आपल्या वेगवान रायफलींना आगगाडीवरून हे नाव दिले. कल्पना सोपी होती. गोळी हलकी करा, तिच्या टोकात पोकळी ठेवा, दारू वाढवा. सेकंदाला सुमारे अठराशे फूट वेगाने निघालेली ही गोळी दीडशे पावलांपर्यंत मागची माशी न हलवता नेम साधून देई. टोकाची पोकळी बहुधा तांब्याच्या छोट्या नळीने बंद केलेली असे. जनावराला लागताच ती फाके आणि आत मोठी जखम करी. .४५० आणि .५०० या मापांच्या एक्स्प्रेस बंदुका लवकरच दख्खनच्या छावण्यांत नेहमीच्या झाल्या. काळविटासाठी ही गोळी जणू बेतून शिवलेली होती. सांबरावर मात्र ती फसे. जाड कातडी आणि खांद्याचे हाड गाठेपर्यंत पोकळ गोळीचे तुकडे होत, वरवरची भीषण जखम होई आणि प्राणी निघून जाई.

नाईलच्या शोधयात्रेमुळे नाव झालेला आणि लंका-भारतात दीर्घकाळ शिकार केलेला सॅम्युअल बेकर याने १८९० च्या आपल्या ग्रंथात पोकळ गोळीवर कडाडून टीका केली. त्याची पसंती भरीव, शुद्ध शिशाच्या गोळीला होती. शुद्ध शिसे मऊ असते. लागल्यावर ते अळंबीच्या छत्रीसारखे पसरते, पण एकसंध राहते. गोळी आरपार जाऊ नये, पलीकडच्या कातडीखाली अडकून राहावी, म्हणजे तिचा सगळा जोर जनावराच्या आतच खर्ची पडतो, असे त्याचे सांगणे. पुढच्या शंभर वर्षांत धातू बदलले, दारू बदलली, पण चांगल्या शिकारी गोळीची कसोटी बऱ्याच अंशी हीच राहिली.

याच सुमारास काळ्या दारूचा काळ संपत आला. काळ्या दारूचा बार निघाला की पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि क्षणभर शिकाऱ्याला समोरचे काहीच दिसत नसे. हरीण पडले की पळाले, हे धूर निवळल्यावर कळे. १८९० च्या दशकात कॉर्डाइट ही धूर न करणारी दारू आली. तिच्या जोरावर गोळी एकदम लहान झाली. ब्रिटिश सैन्याची 'थ्री नॉट थ्री', म्हणजे .३०३ इंच, जेमतेम पावणेआठ मिलिमीटर जाडीची गोळी सेकंदाला दोन हजार फुटांच्या आसपास वेगाने जाऊ लागली. एवढा वेग नुसत्या शिशाला झेपत नाही, ते नळीतच घासून वितळू लागते. म्हणून शिशावर कठीण धातूचे आवरण चढवले गेले. आणि तिथे नवा पेच उभा राहिला. पूर्ण आवरणाची गोळी सुईसारखी आरपार जाई. लहान छिद्र, थोडे रक्त, आणि जनावर जणू काही झालेच नाही असे पळत सुटे.

सैन्यालाही तोच अनुभव येत होता. १८९५ च्या चित्रळ मोहिमेत नव्या गोळीने शत्रू जागीच थांबत नाही अशी तक्रार झाली. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील शस्त्रागाराचा प्रमुख कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने तोडगा काढला. आवरण टोकापर्यंत न नेता पुढचे शिसे उघडे ठेवायचे. लागताच ते टोक पसरे. 'दमदम गोळी' हे नाव जगभर झाले आणि वादही तसाच पेटला. २९ जुलै १८९९ रोजी हेग येथे झालेल्या जाहीरनाम्याने माणसाच्या शरीरात सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. ब्रिटनने सही करायला १९०७ उजाडले.

शिकारीत मात्र याच्या नेमके उलट झाले. रणांगणावर अमानुष ठरलेली मऊ टोकाची गोळी जनावरासाठी दयेची मानली गेली. हे दोन्ही निवाडे आपापल्या जागी प्रामाणिक होते. युद्धात जखमी सैनिक बाजूला झाला की काम भागते, त्याला मारलेच पाहिजे असे नाही, आणि त्याच्यामागे दवाखाना असतो. हरणामागे दवाखाना नसतो. त्याला लागलेली गोळी त्याला तिथेच संपवत नसेल तर पुढचे सगळे हाल त्याचे एकट्याचे. म्हणून शिकाऱ्यांच्या बोलीत 'सॉफ्ट' आणि 'सॉलिड' अशी दोन काडतुसे वेगळी झाली. गवा-हत्तीसाठी सॉलिड, हरणासाठी सॉफ्ट, हा नियम नवशिक्यालाही पहिल्या दिवशी सांगितला जाई. सपाट प्रदेशात त्याला आणखी एक कारण होते. .३०३ ची सॉलिड गोळी हरणाच्या वीतभर छातीतून आरपार गेली तर पुढे मैलभर तिला अडवायला काही नाही, आणि माळाच्या त्या टोकाला कुणी गुराखी असू शकतो, कापूस वेचणाऱ्या बायका असू शकतात.

निजामाच्या राज्यात गोळीच्या निवडीला आणखी एक बाजू होती. मांस हलाल व्हायचे तर जनावराचा प्राण जाण्याआधी त्याच्या गळ्यावर सुरी फिरायला हवी. म्हणून मुसलमान शिकाऱ्याच्या टोळीत बार होताच सुरी घेऊन धावणारा माणूस असे. जनावर जागीच मेले तर हा अवधी मिळत नाही, नुसते घायाळ झाले तर ते हाती लागत नाही. गोळीने ते पडावे, पण धावणारा पोचेपर्यंत त्यात प्राण असावा, एवढ्या बारीक फटीत ती सारी धावपळ चाले.

इथपर्यंत गोळी निवडत होता तो शिकारी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्याच्यासाठी सरकार निवडू लागले. लष्करी बंदुकीत बसणारी गोळी खासगी कपाटात असेल तर ती बंडखोराच्या हाती जाईल, ही १८५७ नंतरची कायमची धास्ती. .४५० हे माप जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीचे. म्हणून १९०७ मध्ये भारतात या मापाच्या शिकारी बंदुकांवर बंदी आली आणि इंग्लंडच्या बंदूककारांनी घाईने .४६५, .४७०, .४७५ अशी शेजारची मापे काढली. हिंदुस्थानातील एका सरकारी हुकुमाने जगाच्या शिकारी बंदुकांची मापे बदलली. .३०३ वरही खासगी वापरासाठी निर्बंध आले. ती पोकळी .३१५ ने भरून काढली. ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅनलिकर काडतुसाचेच हे रूप. माप आठ मिलिमीटर, ताकद साधारण थ्री नॉट थ्रीच्या जवळची, पण सैन्याच्या नळीत न बसणारे.

स्वातंत्र्यानंतर परदेशी बंदुकांची आयात आटत गेली आणि .३१५ हीच सामान्य परवानाधारकाची रायफल झाली. बंदूक बंगालमधील ईशापूरच्या कारखान्याची, आणि काडतूस पुण्याजवळच्या खडकीचे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. 'किर्की फॅक्टरी' या जुन्या नावाची के. एफ. ही अक्षरे त्याच्या काडतुसांच्या बुडावर उमटलेली असत. 'काडतूस' हा शब्द पोर्तुगीज 'कार्तुशो'वरून आलेला, 'रायफल' इंग्रजी, 'शिकार' फारसी. बंदुकीच्या वाटेने मराठीत आलेले हे शब्द आता कुणाला परके वाटत नाहीत.

हिंगोलीची छावणी तोपर्यंत इतिहासजमा झाली होती. १९०३ मध्ये हैदराबाद कंटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाले आणि हिंगोलीचे लष्करी महत्त्व ओसरले. त्या फौजेचा इतिहास लिहिणारा आर. जी. बर्टन याने १९२८ मध्ये दख्खनमधील शिकार आणि वन्यजीवन यांवर पुस्तक काढले. जवळजवळ चाळीस वर्षांच्या सेवेतला अनुभव त्यात आहे.

तोवरचा सारा वाद एका गृहीतावर उभा होता: हरणे आहेत, असणारच आहेत, प्रश्न फक्त ती नीट कशी मारायची एवढाच. एक्स्प्रेस की कॉर्डाइट, पोकळ की भरीव, सॉफ्ट की सॉलिड, यावर पुस्तके लिहिली गेली आणि क्लबात रात्री जागवल्या गेल्या. त्या वादात जनावराबद्दलची खरी कळकळ होती. त्याचे हाल होऊ नयेत हे या माणसांना मनापासून वाटे. पण मारायची किती, हा प्रश्न फार थोड्यांनी आणि फार उशिरा विचारला. फाशातली गाभण मादी सोडणाऱ्या पारध्याला जे कळत होते, ते उत्तम गोळी निवडणाऱ्याच्या हिशेबात नव्हते. त्याच पारध्याला मात्र इंग्रजी अमदानीतील गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मजात गुन्हेगारांच्या यादीत घातले. साहेबाला माळावर हरणापर्यंत नेणारा तो, आणि गावाच्या वेशीवर हजेरी लावणाराही तोच. १९५२ मध्ये हा शिक्का कायद्याने पुसला गेला. लोकांच्या मनातून तो पुसायला अजून किती वर्षे लागतील, हे पारधी वस्तीतली माणसे रोज अनुभवतात.

दुसरे महायुद्ध संपले आणि गणित पार बिघडले. सैन्याने विकायला काढलेल्या जीपगाड्या बाजारात आल्या. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. पीकसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने देशभर सढळ हाताने दिले जात होते. बाराबोर बंदूक, त्यात एल.जी. किंवा एस.जी. काडतूस, जीपच्या टपावर झगझगीत दिवा. एस.जी.मध्ये एक गोळी नसते, मोजके टपोरे छर्रे असतात. तीस-चाळीस पावलांपलीकडे ते पांगतात. दिव्याने डोळे दिपलेल्या कळपावर असा बार टाकला की एखादे हरीण पडे आणि आजूबाजूची चार छर्रे अंगात घेऊन अंधारात निघून जात. बेकर आणि फोर्सिथ ज्या घायाळ जनावरासाठी हळहळले, ते आता दर रात्रीचे झाले. कोणती गोळी, हा प्रश्नच उरला नाही. मिळेल ते काडतूस चालत होते.

लेफ्टनंट कर्नल आर. डब्ल्यू. बर्टन यांच्यासारखे जुने शिकारी या काळात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकातून धोक्याची घंटा वाजवत होते. ई. पी. गी यांनी १९६४ च्या आपल्या पुस्तकात भारतातील वन्यजीवांची घसरण मांडली. तोवर काळविटाच्या मागे धावणारा चित्ता देशातून नाहीसा झाला होता. कोल्हापूर संस्थानात काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात, त्यांतले पुढच्या काळातले तर आफ्रिकेतूनच आणावे लागले होते.

मराठवाडा दुष्काळाने होरपळत होता त्याच १९७२ साली, ९ सप्टेंबरला, वन्यजीव संरक्षण कायदा झाला. काळवीट पहिल्या अनुसूचीत गेला. आज काळविटाच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे. ज्या .३१५ च्या सॉफ्ट काडतुसाबद्दल बापाने मुलाला समजावून सांगितले होते, ते एका सहीने निरुपयोगी झाले. रायफली परवान्याच्या वहीत राहिल्या, निवडणुका आल्या की पोलीस ठाण्यात जमा होऊ लागल्या, निकालानंतर घरी परतू लागल्या.

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली वेगळा जिल्हा झाला. सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ या तालुक्यांत ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, माळ नांगराखाली गेले. हरणे मात्र परतली आहेत. पावसाळ्यात सोयाबीनचे कोवळे शेंडे आणि हिवाळ्यात हरभऱ्याचे घाटे, दोन्ही त्यांना आवडतात. एका रात्रीत कळप उतरला की एकरभर रान खुडून जातो. रोही आणि रानडुक्कर यांच्या बाबतीत वन विभागाच्या लेखी परवानगीने पारध करण्याची वाट कायद्याने ठेवली आहे, काळविटासाठी शेतकऱ्याच्या हाती उरतो तो पंचनामा आणि नुकसानभरपाईचा अर्ज. जागल करणाऱ्या शेतकऱ्याचा त्रागा खरा आहे. रात्रभर डबा बडवून त्याचे हात भरून येतात.

शेजारच्या वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळ येथे २००० साली खास काळविटासाठी अभयारण्य झाले. अठरा चौरस किलोमीटरचा हा गवताळ तुकडा. त्याच कारंजा परिसरात 'संवेदना' ही संस्था वडाळा गावच्या फासेपारध्यांबरोबर गवताळ रानांचे काम करते. चराई थांबवून गवत वाढू द्यायचे, वणवा आवरायचा आणि तणमोराची घरटी राखायची, असे हे काम आहे. तणमोर हा जगातल्या अत्यंत दुर्मीळ पक्ष्यांपैकी एक, आणि कमरेएवढ्या गवतात दडलेले त्याचे घरटे शोधणे भल्याभल्या अभ्यासकांना जमत नाही. फासेपारध्याला ते सापडते. गवत कुठे दबले आहे, पाखरू कुठून उठले आणि किती वेळाने परतले, हे वाचायला तो लहानपणीच शिकलेला असतो. घरटे दिसले की तो चार पावले मागे सरतो, खूण लक्षात ठेवतो आणि आल्या वाटेने परत फिरतो.